एका निरुद्योगी प्रश्नाची गोष्ट

काही घराण्यांना कुलदैवत असतं, कुलाचार असतात. आमच्या घराण्याला त्यांच्या जोडीला एक कुलप्रश्नही आहे : "पण ह्याचा उपयोग काय?" कुणी सतार शिकायला घेतली, कुणी जुनी नाणी जमवली, कुणी संस्कृत घेऊन बी.ए. केलं, की हा प्रश्न आलाच. मी इथे फुलपाखरांबद्दल काही लिहिलं की दोन दिवसांत फोनवर तो मलाही विचारला जातो. विचारणाऱ्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. एका पगारात सात माणसं पोसलेल्यांना हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे.

म्हणून आज मुद्दाम असा विषय घेतलाय, की जो पहिल्यांदा निघाला तेव्हा त्याचा कुणाला काडीचाही उपयोग नव्हता. दोन निरनिराळ्या कुळांतली फुलपाखरं एकमेकांसारखी का दिसतात? बस्स, एवढंच. ह्या प्रश्नामागे माणसं शंभरहून जास्त वर्षं लागली होती, आणि त्यातली एक वाट थेट आमच्या घरात येऊन पोचली आहे. ती कशी, ते सांगते. गोष्ट जरा लांबून सुरू होते, तेव्हा चहा घेऊन बसा.

*

इंग्लंडमधलं लेस्टर हे मोजे विणणाऱ्यांचं गाव. तिथे १८२५ साली हेन्री वॉल्टर बेट्स जन्मला. तेराव्या वर्षी त्याला एका मोजेवाल्या कारखानदाराकडे उमेदवारीला लावलं. दिवसाचे तेरा-तेरा तास काम. उरलेल्या वेळात हा मुलगा कामगारांसाठीच्या संध्याकाळच्या वर्गांना जायचा आणि सुट्टी मिळाली की रानात भुंगेरे पकडत हिंडायचा. कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. पण वयाच्या अठराव्या वर्षी, १८४३ साली, भुंगेऱ्यांवरचं त्याचं टिपण एका प्राणिशास्त्राच्या मासिकात छापून आलं होतं.

त्याच गावात १८४४च्या सुमारास एक तरुण मास्तर नोकरीला आला. आल्फ्रेड रसेल वॉलेस. दोघांची गट्टी जमली ती किड्यांवरून. पैसा दोघांकडेही नाही, पदवी दोघांकडेही नाही, पण डोक्यात प्रश्न मात्र केवढा, तर ह्या सगळ्या जाती आल्या कुठून! शेवटी त्यांनी ठरवलं की ॲमेझॉनच्या जंगलात जायचं, किडे आणि पक्षी पकडून लंडनला पाठवायचे, तिथला दलाल ते हौशी संग्राहकांना विकेल, आणि त्या पैशांवर पोट भरायचं. एप्रिल १८४८ मध्ये दोघं लिव्हरपूलहून जहाजात बसले. (लिव्हरपूल हे गाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.)

वॉलेस चार वर्षांनी परतला. परतीच्या वाटेवर त्याच्या जहाजाला आग लागली आणि त्याने स्वतःजवळ ठेवलेला जवळजवळ सगळा संग्रह समुद्रात गेला. बेट्स मात्र तिथेच राहिला. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं! एकदा तर बारा महिने ना पत्र आलं ना पैसे. कपड्यांच्या चिंध्या झाल्या, पायात काही नाही, नोकर पळून गेला, होते नव्हते ते पैसेही चोरीला गेले. तरी हा गडी रोज जाळी घेऊन रानात. १८५९ साली तो परत आला तेव्हा त्याच्या हिशोबाने त्याने १४,७१२ जातींचे प्राणी गोळा केले होते. त्यांतल्या सुमारे ८,००० जाती विज्ञानाला नव्या होत्या, आणि त्यांत किडेच फार.

आता ते फुलपाखरांचं कोडं. ॲमेझॉनच्या सावलीच्या रानात काही फुलपाखरांचे थवेच्या थवे असत. लांबट पंख, भडक रंग, उडणं अगदी संथ, लग्नाच्या वरातीसारखं. इतकी सहज पकडता येण्यासारखी असूनही पक्षी त्यांच्या वाटेला जाताना बेट्सला दिसले नाहीत. ह्याच थव्यांत त्याला मधूनमधून एखादं असं फुलपाखरू सापडे, की उडताना तंतोतंत त्यांच्यातलंच वाटावं, पण हातात घेऊन पाय आणि पंखांच्या शिरा बघितल्या तर कूळच वेगळं! म्हणजे आपल्याकडे बागेत दिसणाऱ्या साध्या पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळातलं. ह्या कुळातल्या इतरांना तो सहज ओळखायचा, पण ही नक्कल करणारी मात्र त्याला स्वतःला उडताना ओळखू येत नसत.

खरी मेख पुढेच आहे. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तशी ॲमेझॉनच्या काठाने पुढे पुढे गेलं की त्या भडक फुलपाखरांची नक्षी बदलत होती. आणि जिथे अस्सल बदललं तिथे नक्कलही बदलली होती. एका ठिकाणी नुसतं साम्य दिसलं तर योगायोग म्हणून सोडून देता येतं. गावोगाव ते साम्य अस्सलाच्या मागोमाग कपडे बदलत चालताना दिसलं, की मग योगायोग म्हणता येत नाही. हे कळायला अकरा वर्षं तिथे राहायलाच लागत होतं. लंडनच्या संग्रहालयात टाचणीला टोचलेल्या फुलपाखरांकडे बघून हे कुणाला दिसलं नसतं.

बेट्सने उत्तर काढलं ते असं. भडक फुलपाखरं चवीला वाईट असणार. (त्याने वाळत घातलेल्या नमुन्यांना इतर किडेमुंग्या लागत, ह्यांना सगळ्यांत कमी लागत, हा त्याचा एक पुरावा.) पक्षी एकदा तोंड पोळलं की पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाहीत. आता पांढऱ्या-पिवळ्या कुळातलं, चवीला चांगलं असलेलं एखादं फुलपाखरू जन्मतः जरासं त्या भडकांसारखं दिसलं, तर त्याला खायला येणारा पक्षी क्षणभर अडखळतो. तेवढ्यात ते निसटतं आणि अंडी घालतं. त्याच्या पिल्लांतलं जे आणखी थोडं जास्त तसं दिसेल ते आणखी वाचतं. असं पिढ्यानुपिढ्या.

मला ह्या विचाराचं फार अप्रूप वाटत आलंय. 'नकली' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, कारण आपल्या लेखी नक्कल म्हणजे करणाऱ्याची लबाडी. गावात पूर्वी बहुरूपी यायचा, पोलिसाचं सोंग घेऊन "चला ठाण्यावर" म्हणायचा. तो सोंग घेत होता, त्याला ते माहीत होतं. फुलपाखराला काहीच माहीत नसतं. त्याने आरशात बघितलेलं नाही, त्याला शेजाऱ्याचा हेवा नाही. ती नक्कल घडवली पक्ष्याच्या डोळ्याने! जो फसतो, त्याच्याच नजरेने चित्र रंगवलं. तेही कुठलंही रंगवून नव्हे, तर जे जे जमलं नाही ते ते खाऊन.

नोव्हेंबर १८६१ मध्ये बेट्सने हे लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचलं आणि पुढच्या वर्षी ते छापून आलं. डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' येऊन दोनच वर्षं झाली होती आणि त्यावर चहूकडून टीका चालू होती. बेट्सचा निबंध वाचून डार्विन हरखला, त्याने स्वतः त्याचं परीक्षण लिहिलं आणि बेट्सला प्रवासाचं पुस्तक लिहायला लावलं. ते पुस्तक १८६३ साली आलं. ज्या माणसाला लोक किडे विकून खाणारा समजत, त्याने नैसर्गिक निवडीचा एक फार सुंदर पुरावा आणून दिला होता. पण कुलप्रश्न विचारायचाच झाला तर... उपयोग शून्य.

*

बेट्सच्या उत्तरात एक गाठ राहून गेली होती. काही ठिकाणी दोन जाती एकमेकांसारख्या दिसत, पण दोन्हीही कडू! मग कोण कुणाची नक्कल करतंय, आणि कशाला?

ही गाठ सोडवली फ्रिट्झ म्युलरने. हा जर्मन. वैद्यकी शिकला, पण पदवी घेताना देवाचं नाव घेऊन शपथ घ्यायची ती घेईना, म्हणून पदवी गेली. १८५२ साली बायकापोरांसकट ब्राझीलला निघून गेला आणि तिथे कुऱ्हाड घेऊन रान तोडून शेती केली, शाळेत शिकवलं. त्याने १८७९ साली जो हिशोब मांडला तो आपल्या वाण्याच्या वहीत शोभेल. समजा एका भागातले पक्षी एका उन्हाळ्यात १,२०० फुलपाखरं चाखून मग शहाणे होतात. एका कडू जातीची फुलपाखरं आहेत २,०००, दुसरीची १०,०००. दोघी वेगळ्या दिसत असतील तर प्रत्येकीच्या १,२०० जातात. सारख्या दिसत असतील तर शिकवणीची फी दोघींत वाटली जाते : छोटीच्या २०० जातात, मोठीच्या १,०००. म्हणजे दोघींचाही फायदा, पण छोटीचे दोन हजारांतले हजार वाचले आणि मोठीचे दहा हजारांतले दोनशेच. वर्गणी काढून केलेला गणपती म्हणा ना! जीवशास्त्रात गणित वापरून उत्क्रांतीचा मुद्दा पटवण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण मानतात.

*

आता जरा घराजवळ येऊ. तुमच्या गॅलरीत कढीपत्ता असेल तर ह्या गोष्टीतलं पुढचं पात्र तुम्ही पाहिलेलं आहे. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसतं, आपण ते झटकायला जातो, आणि ते हळूच हलतं! ती 'कॉमन मॉर्मन' फुलपाखराची अळी. (लहानपणी शीट, मोठेपणी पानाचा हिरवा रंग. सोंगं घेण्याचं शिक्षण पाळण्यातच सुरू होतं.) लिंबाच्या झाडावरही हीच असते. ज्या 'ब्लू मॉर्मन'ला महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू केलं, त्याची ही जवळची भावकी.

ह्याचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. मादी मात्र तीन तऱ्हांची. एक नरासारखीच. दुसरी 'कॉमन रोझ' नावाच्या फुलपाखरासारखी, तिसरी 'क्रिमझन रोझ'सारखी, काळ्यावर लाल-पांढऱ्या नक्षीची. ही दोन्ही 'रोझ' फुलपाखरं विषारी. त्यांच्या अळ्या सापसंदाच्या जातीच्या वेली खातात आणि वेलीतलं विष अंगात साठवतात. कुणी बघत असेल तर ओळखायची खूण सांगते : खऱ्या रोझचं अंग लाल असतं, सोंगाडीचं काळं. पंख रंगवले, अंग रंगवायचं राहिलं! एका नराच्या तीन तऱ्हेच्या बायका म्हणून इंग्रजांनी नाव ठेवलं मॉर्मन. अमेरिकेतल्या त्या पंथात त्या काळी एकाहून जास्त बायका करायची चाल होती, त्यावरची ही थट्टा.

ह्या माद्या एकाच जातीच्या आहेत हे उलगडून दाखवण्यात मोठा वाटा आपल्या वॉलेस मास्तरांचा. जहाज जळालं म्हणून हा माणूस घरी बसला नाही. १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं तो आजच्या मलेशिया-इंडोनेशियाच्या बेटांवर हिंडला, आणि १८६५ साली छापलेल्या निबंधात त्याने ह्या कुळातल्या फुलपाखरांचा सगळा पसारा मांडला. पूर्वी नर आणि निरनिराळ्या माद्या ह्यांना वेगवेगळ्या जाती समजून वेगवेगळी नावं दिली गेली होती. मादीच सोंग का घेते, ह्याचंही त्याने उत्तर दिलं : पोटात अंडी, त्यामुळे उडणं जड, त्यातून अंडी घालायला पानोपानी थांबावं लागतं. जीव वाचवायची गरज तिलाच जास्त. बायकांना हे वेगळं समजवायला नको.

पण मग पुढचा प्रश्न. एकाच आईच्या पोटी तीन तऱ्हेच्या मुली येतात, आणि अधलीमधली, अर्धवट रंगलेली अशी एकही नाही. हे कसं? श्रीलंकेत फ्रायर नावाच्या माणसाने ही फुलपाखरं पिढ्यानुपिढ्या पाळली आणि १९१३ साली दाखवून दिलं, की सोंगाचा गुण मेंडेलच्या वाटाण्यांसारखा साध्या नियमाने उतरतो. नराच्या अंगातही तो असतो, फक्त दिसत नाही. बापाकडून मुलीत जातो.

ह्यावरून केंब्रिजच्या पनेटने १९१५ साली पुस्तक लिहून सांगितलं, की म्हणजे नक्कल हळूहळू घडलेली नाहीच, एका उडीत झालेली आहे. रॉनल्ड फिशर हा गणिती म्हणाला, छे, आजचा खटका एक असला म्हणून चित्र एका फटक्यात रंगलं असं होत नाही. दिव्याचं बटण एकच असतं, म्हणून घरातलं वायरिंग एका क्षणात झालं का? (बटणाची उपमा माझी, मुद्दा त्याचा.) हा वाद पुढची कित्येक वर्षं रेंगाळला. जगात तोवर एक महायुद्ध होऊन दुसरं येऊ घातलं होतं, आणि ही मंडळी फुलपाखराच्या पंखांवर भांडत होती!

*

आता पुन्हा लिव्हरपूल. सिरिल क्लार्क नावाचे तिथे एक डॉक्टर होते. चांगले नावाजलेले फिजिशियन. छंद फुलपाखरं पाळण्याचा. नर आणि मादी हातात धरून त्यांची जोडी जुळवण्याची युक्ती त्यांनी आत्मसात केली होती, त्यामुळे एरवी न जुळणाऱ्या फुलपाखरांचाही संकर करता येई. ह्याच छंदातून पन्नासच्या दशकात त्यांची ओळख झाली फिलिप शेपर्ड ह्या आनुवंशशास्त्रज्ञाशी. दुसऱ्या महायुद्धात विमान पडून जर्मनांच्या कैदेत राहून आलेला हा माणूस. दोघांनी मिळून सोंगं घेणाऱ्या ह्याच कुळातल्या फुलपाखरांच्या शेकडो जोड्या लावल्या. त्यांना दिसलं, की अस्सल जिथे राहतच नाही अशा प्रदेशातल्या फुलपाखराशी संकर केला, की नक्कल बिघडते, अर्धवट होते. म्हणजे फिशरचं म्हणणं खरं : चित्र हळूहळूच सुधारत गेलेलं.

आणि मग त्यांनी एक कल्पना मांडली. पंखांचा रंग, नक्षी, शेपटी ह्यांची जनुकं एकमेकांना इतकी खेटून बसली असावीत की पुढच्या पिढीत ती सुटी सुटी जातच नाहीत. किल्ल्यांचा जुडगा जसा एकत्रच हातात येतो, तसं. हे ऐकल्यावर डॉक्टर क्लार्कना आठवला माणसाचा आरएच रक्तगट. त्याबद्दलही त्याच फिशरने चाळीसच्या दशकात असाच तर्क केला होता, की तीन जनुकं शेजारीशेजारी बसून एकत्र उतरतात. फुलपाखराच्या पंखांत जे आहे तेच माणसाच्या रक्तात दिसतंय, म्हणून ह्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातल्या मंडळींना आरएचच्या मागे लावलं.

आरएच म्हणजे काय ते थोडक्यात. आपण रक्तगटापुढे 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' म्हणतो ते हेच. आई निगेटिव्ह आणि बाळ (बापावर जाऊन) पॉझिटिव्ह असेल, तर पहिल्या वेळी सहसा काही होत नाही. पण बाळंत होताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर ते परकं म्हणून ओळखतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करून ठेवतं. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं की ही प्रतिद्रव्यं नाळेतून जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडायला लागतात. बाळ पोटातच जातं, किंवा जन्मतः फिकं आणि मग पिवळं होतं, आणि काही दिवसांत जातं.

*

इथे मला आमच्या आत्याबद्दल लिहायलाच हवं. घरातल्यांना हे माहीत आहे, आणि दादाला विचारूनच लिहितेय.

आत्याला दादा झाला तो १९५८ साली, ठणठणीत. त्यानंतर १९६१ मध्ये मुलगी झाली, चौथ्या दिवशी गेली. १९६३ मध्ये मुलगा झाला, तो दुसऱ्याच दिवशी. दोन्ही बाळं हळदीसारखी पिवळी झाली होती, असं आजी सांगायची. तालुक्याचं गाव, रक्तगट तपासतो कोण? मग कारणं निघाली. हिने ग्रहणात भाजी चिरली. हिने पपई खाल्ली. हिला कुणाची तरी बाधा आहे. हिचा पायगुणच... जाऊ दे. आत्या पुढे आयुष्यभर नातेवाइकांच्या बारशाला गेली नाही. कुणी बोलावलं तर दादाच्या हातून झबलं पाठवायची. आम्हा मुलांना वाटायचं, आत्याला गर्दी आवडत नाही.

ऐंशीच्या दशकात तिचं कसलंसं ऑपरेशन झालं तेव्हा पहिल्यांदा रक्तगट कळला. ओ निगेटिव्ह. कागदावर लिहिला गेला आणि फाइलीत गेला. त्या दोन बाळांशी त्याची जोड कुणी लावली नाही.

*

लिव्हरपूलला आत्याची मुलगी गेली त्याच सुमारास काय चाललं होतं? क्लार्क ह्यांच्याकडे रोनाल्ड फिन नावाचा तरुण डॉक्टर ह्याच विषयावर काम करत होता. एक गोष्ट आधीपासून माहीत होती, की आईचा आणि बाळाचा नेहमीचा ए-बी-ओ गटही जुळत नसेल, तर आरएचचा त्रास क्वचितच होतो. उदाहरणार्थ आई ओ आणि बाळ ए. असं का? कारण ओ गटाच्या आईच्या रक्तात ए-विरोधी प्रतिद्रव्यं आधीपासूनच तयार असतात. बाळाच्या पेशी आत शिरल्या रे शिरल्या की ती त्यांना तिथल्या तिथे संपवतात. आईच्या शरीराला "हे आरएच पॉझिटिव्ह आहे बरं का" हे ओळखायला वेळच मिळत नाही. चोराला दारातच धरलं, तर घरातल्यांची झोपमोड होत नाही.

मग निसर्ग काही आयांच्या बाबतीत आपणहून जे करतो, त्याचीच नक्कल आपण केली तर? बाळंतपण झाल्याबरोबर आईला बाहेरून आरएच-विरोधी तयार प्रतिद्रव्यं टोचायची. ती बाळाच्या पेशी साफ करतील, आणि आईचं शरीर स्वतःची प्रतिद्रव्यं बनवायच्या फंदात पडणारच नाही. ऐकायला उलटं वाटतं. ज्याच्यामुळे बाळं मरतात तेच आईला टोचायचं! पण आधी आरएच निगेटिव्ह पुरुष स्वयंसेवकांवर आणि मग आयांवर प्रयोग झाले, आणि ते जमलं. अमेरिकेत फ्रीडा, गॉरमन आणि पोलॅक ह्यांनीही स्वतंत्रपणे तेच शोधलं होतं. १९६८ साली तिथे हे औषध बाजारात यायला परवाना मिळाला. १९८० साली ह्या तिघांना आणि क्लार्क-फिन ह्यांना मिळून लास्कर पुरस्कार दिला गेला.

ह्या औषधाचं नाव अँटी-डी. माझा गट बी निगेटिव्ह. २००४ साली मोठा झाला तेव्हा त्याचा गट तपासला, पॉझिटिव्ह निघाला, आणि बहात्तर तासांच्या आत मला ते इंजेक्शन दिलं गेलं. आता गरोदरपणात अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारासही देतात. नर्सबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळेसाठी आहे हो." दंडात एक टोचणी, दोन मिनिटं, संपलं. २००७ मध्ये धाकटी झाली, तीही पॉझिटिव्ह, गुलाबी आणि आरडाओरडा करणारी. तिच्या बारशाला आत्या आली. कोपऱ्यात बसली, पण आली. मी तिला इंजेक्शनबद्दल सांगितलं. फुलपाखरांचं तेव्हा मलाही माहीत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं ना?"

चुकलं नव्हतं, आत्या. तुझं काहीच चुकलं नव्हतं. सेहेचाळीस वर्षं तिने तो प्रश्न उरात ठेवला होता.

*

गोष्ट इथे संपवता आली असती, पण तिचं एक शेपूट आहे आणि ते मला फार आवडतं.

२०१४ साली 'नेचर' ह्या मासिकात एक शोधनिबंध आला. त्यातलं पहिलं नाव कृष्णमेघ कुंटे. बंगळुरूच्या एन.सी.बी.एस. संस्थेतले फुलपाखरांचे अभ्यासक. आपल्यातल्या अनेकांनी त्यांचं दक्षिण भारतातल्या फुलपाखरांवरचं २००० सालचं पुस्तक पिशवीत घेऊन डोंगर तुडवले असतील. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कढीपत्त्यावरच्या कॉमन मॉर्मनची जनुकं तपासली. काय निघालं? जनुकांचा जुडगा नाहीच! एकच जनुक. त्याचं नाव 'डबलसेक्स'. किड्यांमध्ये नराने नर आणि मादीने मादी व्हावं हे ठरवणारं जे जनुक, तेच इथे मादीच्या सोंगाचंही काम बघतं. त्याच्या आसपासचा भाग उलटा होऊन असा बसलाय, की त्यातले बारीकसारीक फरक सुटे होत नाहीत, एकत्रच उतरतात. फ्रायरच्या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांनी मिळालं.

गंमत बघा. ह्या फुलपाखरापुरती जुडग्याची कल्पना जशीच्या तशी खरी ठरली नाही. तिकडे आरएचचीही तीच कथा. फिशरने तीन जनुकं म्हटली होती, प्रत्यक्षात दोन निघाली. म्हणजे ज्या साम्यामुळे डॉक्टर क्लार्क फुलपाखरांकडून रक्ताकडे वळले, त्या साम्याची दोन्ही टोकं थोडी थोडी सैल होती. पण त्या वाटेने गेल्यावर जे सापडलं ते पक्कं होतं. कुणी बेट्सला १८५५ साली म्हटलं असतं की बाबा रे, जरा उपयोगाचं काहीतरी कर, बाळं मरताहेत, तर त्याला काय करता आलं असतं? काहीच नाही. तेव्हा रक्तगटच माहीत नव्हते. त्याने अनवाणी हिंडून फुलपाखरं नीट बघितली, त्यात कुठेही पळवाट काढली नाही, एवढंच त्याच्या हातात होतं आणि ते त्याने केलं. प्रत्येक निरुद्योगी प्रश्नातून इंजेक्शन निघतं असं मी म्हणत नाही. बहुतेकांतून निघत नाही. पण कशातून निघेल हे आधी सांगता येत नाही, आणि "उपयोग काय" ह्या चाळणीतून बेट्सचा प्रश्न एकदाही पार झाला नसता.

एक काम मात्र आजच करा. घरातल्या लेकीसुनांचे रक्तगट माहीत नसतील तर तपासून घ्या. आपल्याकडे निगेटिव्ह माणसं कमी, शंभरात साधारण पाच, म्हणून विसरायला होतं. आणि अजूनही कुणी कुणाच्या पायगुणाबद्दल कुजबुजत असेल, तर त्यांना ही गोष्ट वाचायला द्या. आमच्या आत्याच्या वेळी देण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं.